पाण्याला न शिवणारी बोट

बोट बांधणाऱ्या माणसाचं पाण्यावर प्रेम असावं, अशी आपली साधी समजूत असते. विजेवर पळणारी, रेडिओने हाकायची वेगवान बोट घरी बांधणारा माणूस जवळून पाहिला की ती समजूत गळून पडते. या माणसाला पाण्याचा मनस्वी तिटकारा असतो. पाणी बोटीला धरून ठेवतं, तिचा वेग खातं, फटीतून आत शिरतं, बेअरिंग गंजवतं आणि संधी मिळाली की अख्ख्या बोटीला पोटात घेतं. त्यामुळे त्याची सगळी अक्कल, पगाराचा मोठा हिस्सा आणि बायकोचा उरलासुरला संयम एकाच कामी लागतो. बोट पाण्यावर तर हवी, पण पाण्याला लागता कामा नये.

आमचे दाजी या पंथातले. कोल्हापुरात दाजी म्हटलं की पुढे नाव लागत नाही, आणि लागत असलं तरी ते छापायला ताईने बंदी केली आहे. दाजी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहेत. दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'कर्जाचे प्रयोजन' हा रकाना भरलाय की नाही ते तपासतात आणि कोरा दिसला की अर्ज परत करतात. संध्याकाळी घरी येऊन ते जे करतात, त्याचं प्रयोजन ताईने एकदाच विचारलं. तेव्हा दाजींनी तिला केन वॉर्बीची गोष्ट सांगितली.

गोष्ट खरी आहे, आणि या छंदातल्या नवऱ्यांना ती पाठ असते. केन वॉर्बी ऑस्ट्रेलियाचा. सिडनीतल्या घराच्या मागच्या अंगणात त्याने लाकडाची आणि फायबरग्लासची बोट बांधली, तिला हवाई दलाने मोडीत काढलेलं जेट इंजिन बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर ती ताशी ५११ किलोमीटर वेगाने पळवली. पाण्यावरच्या वेगाचा तो विक्रम आजवर मोडलेला नाही. गोष्ट संपवून दाजी परिणामासाठी थांबले. ताई म्हणाली, "त्यांना अंगण होतं. आपल्याला बाल्कनी आहे, आणि तिथं माझं वाळवण आहे."

तह असा झाला की उन्हाळ्यात वाळवण, बाकीच्या वर्षात बोट. तहाचं पालन दोन्ही बाजूंनी होत असलं तरी एका वर्षी पापडाला इपॉक्सीचा वास आला, तो विषय आमच्याकडे अजून काढत नाहीत.

ही बोट म्हणजे खेळणं नव्हे, हे आधी समजून घ्या. तसं म्हणालात तर दाजी तुम्हाला जेवायला थांबवत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या तयार बोटीही त्यांना चालत नाहीत. ज्या वस्तूत आपण स्वतः काहीच बिघडवलेलं नाही, ती आपली कशी म्हणायची, असा त्यांचा सवाल असतो.

आता शास्त्र. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. पुढे जायचं तर ते बाजूला सारावं लागणार, आणि वेग वाढवावा तसं ते जास्तच हट्टाला पेटणार. तेव्हा शहाण्या बोटीने पाण्यात बसू नये, वर यावं. दाजींची बोट हायड्रोप्लेन जातीची. पुढे डावी-उजवीकडे दोन पाय काढलेले, त्यांना स्पॉन्सन म्हणतात, आणि मागे पंखा. वेग घेतला की ती या तीन ठिकाणीच पाण्याला टेकते. त्यातही पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत. दाजींनी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला वाटलं, बसवताना चुकलंय. चुकलेलं नव्हतं. पंखा पूर्ण बुडवला तर त्याचा दांडा, त्याला धरणारा ब्रॅकेट, सगळंच पाण्याला अडत राहतं. म्हणून तोही अर्धा वर. सगळ्यात चांगली बोट ती, जिचा अर्धा पंखा तेवढा भिजलाय.

"मग सरळ विमानच का नाही करत?" मी विचारलं.

दाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सांगाडा फायबरग्लासचा करायचा तर आधी साचा हवा. साच्यासाठी दाजी बापट कॅम्पातल्या कुंभार वसाहतीत एका मूर्तिकाराकडे गेले. महिना जुलैचा. त्याने मान वर न करता सांगितलं, "गणपती जाऊ द्यात." गणपती गेले. मग नवरात्राच्या देवी होत्या. दिवाळीनंतर एकदाचा त्याने दाजींनी कोरलेला थर्माकोलचा ठोकळा हातात घेतला, डोळे मिटून त्यावरून दोन्ही तळवे फिरवले आणि म्हणाला, "डावा गाल उजव्यापेक्षा अर्धा सूत भरलाय." दाजींनी घरी येऊन व्हर्निअर लावून पाहिलं. भरलेलाच होता. त्या दिवसापासून दाजी त्या मूर्तिकाराला वाकून नमस्कार करतात, आणि तो त्यांना दरवर्षी बजावतो की बोटीचं काम असलं तर जुलैत येऊ नका.

साच्यात काचेच्या कापडाचे थर, थरावर रेझिन, रेझिनमध्ये हार्डनर. हार्डनर कमी पडला तर बोट आठवडाभर चिकट राहते, जास्त पडला तर भांडं हातातच तापून धुरायला लागतं. वाळल्यावर घासायचं. घासताना उडणाऱ्या भुकटीची खाज दाजींनी एकट्याने भोगली नाही, घरात सगळ्यांना वाटून मिळाली.

पण बोटीचा जीव उद्यमनगरात घडला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय होत नाही, असं विचारायची पद्धत नाही. ऑइल इंजिनाचे, पंपाचे, मोटारींचे भाग तिथे पिढ्यान्‌पिढ्या कातले जातात. दाजींच्या ओळखीच्या मिस्त्रींनी ड्रॉइंग मागितलं. ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर होतं.

"हे कशाचं?"

"सुकाणू. बोटीचं."

"आणि मोठी बोट कुठाय?"

"हीच बोट. पाऊण मीटर."

मिस्त्रींनी पत्रिका उलटी करून लग्न कुणाचं आहे ते वाचलं, तारीख उलटून गेलीय हे बघितलं आणि ती गल्ल्यावर ठेवून दिली. "कंपनीचं काम उरकलं की बघतो." कंपनीचं काम उरकत नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दाजी रोज घरी जाताना तिकडून जात राहिले, चहा पीत राहिले. एक दिवस मिस्त्रींनी सहज विचारलं, "पंखा फिरतोय किती आरपीएमनं?"

"एकतीस हजार."

मिस्त्रींनी लेथ बंद केला. उद्यमनगरात कामाच्या वेळी लेथ बंद होतो तो फक्त लाईट गेल्यावर.

एकतीस हजाराचा हिशेब सोपा आहे. मोटरवर १४०० केव्ही असं छापलेलं असतं. हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. लिथियम पॉलिमर बॅटरीचे सहा सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट, मिळून २२.२. गुणाकार करा, ३१,०८० येतात. पंखा ४० मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याच्या पात्यांना पीळ इतका की एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे सरकावा. झाले ताशी १०४ किलोमीटर. दाजींनी हे गणित वीजबिलाच्या पाठीवर मांडलं. मग त्यातून पंखा पाण्यात घसरतो ते वजा केलं, जोर पडल्यावर व्होल्टेज उतरतं ते वजा केलं, आणि ८० वर येऊन थांबले. अर्जदाराने सांगितलेलं उत्पन्न जसंच्या तसं धरायचं नाही, ही कर्ज विभागातली सवय इथे कामी आली.

पंख्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्यावर दाजींचा जेवढा जीव आहे तेवढा... जाऊ दे, ताई हे वाचणार आहे. हा पंखा अमेरिकेतून आला. बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचा, दोन पात्यांचा, मुठीत मावणारा, आणि त्याच्या किमतीत छताचा चांगला पंखा आला असता. पाकीट उघडलं तर त्याला ना धार, ना तोल. पैसे मोजून अर्धवट वस्तू मागवायची आणि उरलेला अर्धा भाग आपल्या हाताने पुरा करायचा, यातच खरी प्रतिष्ठा, असं दाजी म्हणाले. पात्यांच्या कडा कानसेने पातळ करायच्या, पण बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक. म्हणून सगळं घासणं ओलं ठेवून करायचं. दाजींनी मोठ्या परातीत पाणी भरलं आणि हात बुडवून, तोंडाला मास्क बांधून कानस चालवली. बोटीच्या सगळ्या बांधकामात पाण्याचा उपयोग झाला तो एवढाच. परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही. ताईने ती बाल्कनीतच, दाजींच्या नावावर केली.

मग तोल. दाढीची दोन पाती समोरासमोर उभी करायची, त्यांच्या धारेवर सळई ठेवायची, सळईवर पंखा. जे पातं जड ते खाली येतं. त्याला पॉलिश पेपरचे दोन हात मारायचे, परत ठेवायचा. आता दुसरं खाली येतं. एकतीस हजार फेऱ्यांत केसाएवढा फरकही बेअरिंग फोडतो, हे मान्य. पण हे काम चालू असताना घरात कुणी शिंकायचं नाही, दार लोटायचं नाही आणि छताचा पंखा लावायचा नाही. घामाने थबथबलेलं अख्खं कुटुंब एका पंख्याकडे बघत बसलंय आणि वारा मात्र कुणालाच नाही, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

मोटर बोटीच्या पोटात, पंखा मागे बाहेर, आणि मधे वळण. वळणातून फिरणं पोचवायला तारांचा पीळ घातलेली लवचीक केबल लागते. दाजींनी आधी स्कूटरच्या स्पीडोमीटरची केबल घालून पाहिली. तिने एक सेकंद काम केलं आणि पीळ उलगडून चारही दिशांना हात पसरले. भार आला की पीळ आवळला पाहिजे, सुटता कामा नये, म्हणजे फिरायची दिशा आणि पिळाची दिशा यांचं आधी लग्न जुळलेलं हवं. बरं, आवळली की केबल आखूड होते. म्हणून पंख्याच्या पुढे तीन-चार मिलिमीटरची फट ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं, काम ढिलं आहे. मिस्त्रींनाही वाटलं, आणि त्यांनी परोपकारबुद्धीने ती फट वॉशर घालून बुजवली. पुढची घटना बाल्कनीतल्या चाचणीत घडली आणि शेजारच्या काकूंनी खिडकीला जाळी बसवून घेतली. शिवाय ही केबल दर फेरीनंतर बाहेर ओढायची, पुसायची, ग्रीस चोपडायचं, परत सरकवायची. का, तर पितळी नळीत पाणी शिरतं आणि केबलला गंज चढतो.

झाकणाला टेप, वायर शिरते तिथे ग्रीस, रिसीव्हर फुग्यात घालून फुग्याचं तोंड बांधलेलं, स्पीड कंट्रोलरवर लाखेचा हात. अँटेना तेवढी नळीतून वर काढलेली, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी पाण्यात जेमतेम बोटभर जातात. पाण्याचा थेंब आत येणार नाही अशी चोख व्यवस्था केल्यावर दाजींनी बोटीला भोक पाडलं.

ते थंडाव्यासाठी. सुकाणूच्या पात्यात पुढून एक बारीक छिद्र असतं. वेगात पाणी त्यात आपोआप घुसतं, सिलिकॉनच्या नळीने वर चढतं, स्पीड कंट्रोलरच्या पोटाखालून जातं, मोटरभोवती फिरतं आणि बोटीच्या कुशीतल्या भोकातून चिळकांडी मारत बाहेर पडतं. चिळकांडी दिसतेय तोवर ठीक. बंद झाली की नळी तुंबली, आणि काही सेकंदांत कंट्रोलर धुराने निरोप देतो. ही पाळत ठेवायचं काम दाजींच्या धाकट्याकडे आहे. तो काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "पप्पा, करतीय! करतीय!" अनोळखी माणसं वळून बघतात.

बॅटरीचं वागणं नव्या जावयाचं. पोटभर भरून तशीच ठेवली तर फुगते, उपाशी ठेवली तर कायमची बिघडते आणि तापली तर घर पेटवते. म्हणून एरवी तिचा सेल ३.८ व्होल्टवर, अर्धपोटी ठेवायचा. ४.२ पर्यंत भरायचा तो निघायच्या सकाळी, आणि ३.३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. चार्जिंग मातीच्या कुंडीत, हाताशी वाळूची बादली. कुंडी मोगऱ्याची होती. मोगरा आता तेलाच्या डब्यात आहे आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून फुललेला नाही.

अशा रीतीने बोट तयार झाली आणि मग लक्षात आलं की पाणी नाही.

कोल्हापुरात पाणी नाही, हे ऐकून पुराच्या वर्षांत गच्चीवर दिवस काढलेले लोक मारायला धावतील. पण रंकाळा दाजींनी स्वतःच रद्द केला. संध्याकाळी तिथे अर्धं कोल्हापूर भेळ खात बसलेलं असतं, मुलं पाण्यात पाय सोडून असतात, आणि धार लावलेला पंखा घेऊन ताशी ८० ने धावणारी तीन किलोची वस्तू त्यांच्यामधून न्यायची नाही, एवढं तारतम्य दाजींना आहे. पंचगंगेवर म्हशी. कोल्हापुरात माणसाला धक्का लागला तर भांडण होतं. म्हशीला लागला तर आख्खी गल्ली उतरते. कळंबा तलावाचं पाणी प्यायचं, त्यात केबलचं ग्रीस नको, म्हणून तोही गेला.

राहिलं शेततळं. पतसंस्थेच्या एका सभासदाचं शिरोळकडे होतं, ३० बाय ३० मीटरचं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. या काठापासून त्या काठापर्यंत दीड सेकंदही नाही. थ्रॉटल ओढायचा आणि लगेच सोडायचा, मधल्या काळात जमलं तर वळायचं. शेतकरी बोटीकडे बघतच नव्हते. ते कागदाकडे बघत होते, आणि त्या धारेच्या पंख्याकडे.

"ही मोटर कितीची?" त्यांनी विचारलं.

दाजी खुलले. २२ व्होल्ट, १२० अँपिअर, म्हणजे अडीच हजार वॉटच्या वर. "साडेतीन एचपी."

"साडेतीन?" त्यांनी मुठीएवढी मोटर नीट निरखली. "माझी तीनची हाय. उचलायला दोन गडी लागत्यात. पाणी किती फेकती?"

दाजींनी हौसेने सांगितलं की अर्धा पंखा हवेत असल्यामुळे मागे पाण्याचा उंच फवारा उडतो, दहा-बारा फूट, त्याला कोंबड्याची शेपटी म्हणतात.

"मग शेपटी ठिबकला जोडा की."

शेवटी हातकणंगल्याच्या बाजूला एक पाझर तलाव मिळाला. एका कोपऱ्यात जलपर्णी, पण मधे दोनशे मीटर मोकळं पाणी. रविवारी सकाळी वारा उठायच्या आत पोचायचं, असं ठरलं. टेबल, हत्यारं, टेपची रिळं, ग्रीसचा डबा, बॅटऱ्यांची कुंडी, ताईने दिलेली थालीपीठं, आणि स्वतःच्या मोपेडवरून मिस्त्री. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "सुकाणू माझं हाय," ते म्हणाले.

माणसं कुठून जमतात, कळत नाही. निर्जन तलावावर बोट टेबलावर ठेवली की पाच मिनिटांत बारा माणसं. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने बॅटरीवरची, तारेविना हाकायची बोट पहिल्यांदा लोकांपुढे चालवून दाखवली, तेव्हाही गर्दी अशीच गोळा झाली होती. आत शिकवलेलं माकड बसवलंय, असा काहींचा कयास होता म्हणे. कुणीतरी बोटीलाच चौसष्टचं घनमूळ विचारलं आणि टेस्लाने तिचे दिवे चारदा लुकलुकवले, अशीही गोष्ट सांगतात. आमच्याकडे घनमूळ विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "कितीला पडली?" दुसरा, "माणूस बसतोय व्हय हिच्यात?" तिसरा, "ड्रोन हाय का?" दुसऱ्या आणि तिसऱ्याला दाजी 'नाही' म्हणतात. पहिल्याला ते दर वेळी वेगळा आकडा सांगतात. तो आकडा ऐकणाऱ्याच्या शेजारी कोण उभं आहे, यावर ठरतो.

बोट पाण्यात सोडली. सुरुवातीला ती नाक वर, शेपूट खाली, ढकलल्यासारखी चालली. कुणीतरी म्हणालं, "एवढंच व्हय?" आणि दाजींनी बोट दाबलं.

यावर विनोद करायचा नाही, मी ठरवलं आहे. इतक्या बारक्या वस्तूतून तसला आवाज येतो यावर कानांचा विश्वास बसत नाही. बोट पाण्यातून वर निघाली, तिच्याखाली फट दिसायला लागली, मागे खरोखर पांढरा फवारा उभा राहिला आणि तो खाली पडायच्या आत ती पलीकडे गेलेली होती. बारा माणसं गप्प. धाकटा "करतीय" म्हणायचं विसरला. ती उजवीकडे वळली, बाजूच्या पात्यावर कचकन रेलून, आणि परत आली. उजवीकडेच वळते. पंख्याच्या फिरण्याने ती एका अंगाला झुकते, वळताना पाणी धरून ठेवणारं पातंही उजव्याच बाजूला असतं, आणि या बोटींच्या शर्यती सहसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच होतात. काठावरच्या एका आजोबांना ते बघून फार समाधान वाटलं. "परदक्षिना घालतीय," ते म्हणाले आणि टोपी काढून हातात घेतली.

हे सगळं तीन-साडेतीन मिनिटं. ५००० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी इतक्या जोरात उपसली की तेवढीच पुरते. जत्रेतली पत्र्याची फटफट बोट तेलाच्या एका वातीवर परातीत याच्या कितीतरी पट वेळ फिरते, हे तिथे बोलायचं नव्हतं आणि मी बोललो नाही. बॅटरी परत भरायला तास. त्या तासात केबल काढा, पुसा, ग्रीस लावा, टेप सोला, नवा टेप लावा, आतलं पाणी टिपा, थालीपीठ खा. आत ठेवलेल्या जीपीएसने आकडा दाखवला ७६. दाजींनी तो मिस्त्रींना दाखवला. मिस्त्री म्हणाले, "बॅटरी बोटभर मागं सरकवा. नाक जड हाय."

बॅटरी मागे सरकवली. नाक हलकं झालं. दुसऱ्या फेरीत बोट आणखी वर उठली, दोन्ही पाय पाण्याला नुसते शिवून जात होते, फवारा आणखी उंच, आणि समोरून वाऱ्याची एक झुळूक आली. ती बोटीच्या पोटाखाली शिरली. बोटीने नाक आकाशाकडे केलं आणि पूर्ण पाणी सोडलं. आता ती पाण्याला कुठेच लागत नव्हती. दाजींनी जे साधायला सगळा खटाटोप केला होता ते साधलं होतं, फक्त त्याला अर्धा सेकंद मिळाला. हवेत एक कोलांटी घेऊन ती पाठीवर आपटली आणि पोट वर करून तलावाच्या मध्यभागी तरंगत राहिली.

बुडाली नाही. पोहायला शिकणाऱ्या मुलांची फोमची नळी कापून आत भरली होती. प्रश्न आणायची कशी, हा. तलावात गाळ, कुणी उतरायचं नाही, हे गावकऱ्यांनी आधीच बजावलेलं. मासेमारीच्या गळाला टेनिसचा चेंडू बांधून फेकायचा, चेंडू पलीकडे पडला की दोर ओढायचा, अशी जगन्मान्य पद्धत आहे. दाजींनी फेकलेला चेंडू जलपर्णीत गेला आणि गळही गेला. मग वाऱ्याची वाट बघणं. वारा अर्थातच बोटीला त्याच जलपर्णीकडे नेत होता. शेवटी कुणीतरी ट्रॅक्टरची ट्यूब आणली, कमरेला दोर बांधून मिस्त्री तिच्यावर आडवे झाले आणि हाताने वल्हवत निघाले. ताशी अर्धा किलोमीटर असेल. बोट छातीशी धरून ते परत आले तेव्हा पायापासून डोक्यापर्यंत चिंब होते. बोटीत पाणी चमचाभर निघालं.

त्या संध्याकाळी मी उद्यमनगरात गेलो तेव्हा दोघं नव्या ड्रॉइंगवर वाकलेले होते. पुन्हा लग्नपत्रिकाच, ताजी. बचावाची बोट करायची ठरली होती. रुंद बुडाची, न उलटणारी, पुढे दोन शिंगं, उलटलेल्या बोटीला ढकलत काठाला आणणारी. कल्पना चांगली होती. मी कोपऱ्यात लिहिलेले आकडे वाचले. सहा सेल, १४०० केव्ही.

"दाजी, ही हळू चालली तरी चालेल ना?"

"लवकर पोचायला नको?"

"पण ती बुडत नाहीय. फोम आहे आत."

"आपली नाही बुडत," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्याची बुडायला लागली तर?"

"दुसऱ्या कुणाकडं आहे इथं बोट?"

मिस्त्रींनी दाजींकडे बघितलं नाही. गल्ल्याखालचा खण ओढला. आत फडक्यात गुंडाळलेलं, चकाचक पॉलिश केलेलं दुसरं सुकाणू होतं, त्याखाली दुसरा ब्रॅकेट, दुसरं वळणाचं पातं.

"पहिल्यापासनं प्रत्येक पार्ट दोन-दोन काढत होतो," ते म्हणाले. "पंखा तेवढा मागवा की दाजी एक."